थंडी, होडी आणि बाळगोपाळ : उजनीच्या पाण्याची गोष्ट

डिसेंबर लागला की आमच्या टीममध्ये दोनच प्रश्न फिरत असतात. पहिला, वर्षअखेरीच्या सुट्ट्या कुणाकुणाच्या मंजूर झाल्या? आणि दुसरा खास माझ्यासाठी : "तू दौंडचा ना रे? मग सांग, भिगवणला फ्लेमिंगो बघायला लहान मुलांना नेलं तर चालतं का?"

पहिल्याचं उत्तर मॅनेजर जाणे. दुसऱ्याचं उत्तर मी चहाच्या टपरीवर, लिफ्टमध्ये, कॅबमध्ये, एकदा तर चालू मीटिंगमध्येसुद्धा दिलेलं आहे. छोटं उत्तर असं, की हो, चालतं. खुशाल न्या. पण मोठं उत्तर द्यायला बसलं की ते भलतंच लांबतं, कारण त्यात रेल्वे येते, धरण येतं, पुण्याचं सांडपाणी येतं आणि काही फार वाईट दिवसही येतात. तर मंडळी, या शनिवारी ते मोठं उत्तर.

माझं घर दौंडचं आणि आजोळ शिरूरचं. म्हणजे एका बाजूला भीमा आणि दुसऱ्या बाजूला घोडनदी. (शिरूरला जुनी माणसं अजून 'घोडनदी'च म्हणतात.) शिरूरहून निघालात तर न्हावरा, चौफुला, पाटस, कुरकुंभ करत भिगवण. दौंडहून तर काय, अगदीच शेजारचा मामला. भिगवणच्या आसपास कुंभारगाव, डिकसळ अशी काठावरची गावं आहेत. तिथून पहाटे होड्या सुटतात. आठ-दहा माणसांची साधी होडी, पाण्यावर धुकं, तोंडातून वाफ, पोरांच्या डोक्यावर कानटोप्या, आणि समोर उथळ पाण्यात गुलाबी-पांढऱ्या पक्ष्यांची ही भली मोठी रांग. दीड-दोन तासांची फेरी.

हीच आमची क्रूझ. लोक याच गोष्टीसाठी लाखो रुपये खर्चून अलास्काला आणि नॉर्वेला जातात. थंडीत कुडकुडत, शाल पांघरून, बोटीच्या कठड्याला टेकून निसर्ग बघणे. गंमत म्हणजे नॉर्वेची ती जगप्रसिद्ध किनारी बोटसेवा १८९३ साली सुरू झाली ती काही पर्यटकांसाठी नव्हे. उत्तरेकडच्या गावांना टपाल, माल आणि माणसं पोहोचवायला ती सुरू झाली. गरजेची बोट आधी आली, बघ्यांची गर्दी मागून आली. उजनीवर नेमकं हेच झालं. फक्त आपल्याकडे या गोष्टीची सुरुवात पाणी असण्यापासून होत नाही, पाणी नसण्यापासून होते.

*

आज जिथे होडी फिरते तिथे पन्नास-साठ वर्षांपूर्वी समुद्रासारखं पाणी नव्हतं. एक नदी होती. पावसाळ्यात दोन्ही थड्या भरून वाहणारी आणि उन्हाळ्यात गुडघाभर होणारी. नदी ओलांडायची तर उन्हाळ्यात उतारावरून पायी किंवा बैलगाडीने, आणि पावसाळ्यात नावेने. नाव चालवणारे बहुतेक भोई समाजाचे. वल्हं, बांबू आणि अनुभव एवढ्या भांडवलावर ते अख्खं गाव इकडून तिकडे करायचे. बाजाराला जाणारी माणसं, माहेरवाशिणी, कडेवरची पोरं, शेळ्या, सगळं एकाच नावेत. लहान मुलांना पाण्यावर नेणं ही तेव्हा हौस नव्हतीच. पलीकडे आजी राहते, आणि मधे नदी आहे, एवढाच तो विषय.

सरकारलाही हे माहीत होतं. मुंबई प्रांतात १८६८ सालीच तरींसाठी कायदा झाला. (तर म्हणजे नावेने नदी उतरायची जागा. आमच्या पिढीला 'तर' म्हटलं की फक्त 'जर' आठवतो. :-) ) म्हणजे नावेत बसणाऱ्या माणसाच्या जिवाची कागदोपत्री काळजी या भागाला नवीन नाही. कागद आणि काठ यांच्यातलं अंतर मात्र तेव्हाही होतं.

त्याच्याही दहा वर्षं आधी इथे रेल्वे आली होती. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने पुण्याच्या पुढे रूळ टाकायला घेतले आणि १८५८ च्या अखेरीस गाडी दौंड ओलांडून पोहोचली ती डिकसळला. हो, तेच डिकसळ, जिथून आज होडी सुटते. काही काळ पूर्वेकडचं शेवटचं स्टेशन हेच होतं, कारण पुढे भीमा आडवी होती. भीमेवर पूल उभा राहिला, रूळ पुढे सरकले आणि १८६० साली गाडी सोलापूरला टेकली. दौंडचं भाग्य आणखी पुढे उजाडलं. १८७८ साली दौंड–मनमाड मार्ग झाला आणि आमचं गाव जंक्शन बनलं. ते आजतागायत आम्ही मिरवतो आहोत. दुसरं फारसं मिरवण्यासारखं काही नाही म्हणा.

डिकसळचा तो दगडी पूल मात्र लक्षात ठेवा. धरण झालं तेव्हा रेल्वेमार्ग हलवावा लागला आणि जुना रेल्वेपूल पुढे रस्त्याच्या कामी आला. इंदापूर तालुक्यातलं डिकसळ आणि करमाळा तालुक्यातलं कोंढार चिंचोली त्याने जोडली. इंग्रजांनी आगगाडीसाठी बांधलेल्या पुलावरून शंभर-सव्वाशे वर्षांनी दुचाक्या आणि उसाच्या ट्रॉल्या जात होत्या. याला आम्ही सॉफ्टवेअरवाले 'लेगसी सिस्टिम' म्हणतो. कुणी हात लावायला धजत नाही, आणि काम तर तिच्यावरच चाललेलं असतं.

*

आता धरण. सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या उजनी गावाजवळ भीमेवर धरण बांधायचं काम १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालं आणि १९८० साली पूर्ण झालं. जलाशयाला नाव मिळालं यशवंतसागर. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. खडकवासल्याच्या पाण्यावर वाढलेल्या पुणेकरांसाठी सांगायचं तर खडकवासला धरण पुरतं दोन टीएमसीचंही नाही.

या ११७ पैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे जवळजवळ ६३ टीएमसी, हा मृतसाठा. नेहमीच्या विसर्गाच्या पातळीखालचं पाणी. टक्केवारी मोजतात ती फक्त वरच्या उपयुक्त साठ्याची. त्यामुळे उन्हाळ्यात सोलापूरच्या पेपरात बातमी येते, 'उजनी उणे २० टक्के'. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं कुणाच्या तरी प्रोग्रॅममध्ये बग आहे, टक्केवारी ऋण कशी जाईल? पण बरोबर आहे ते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे ५० च्याही खाली गेली होती. आणि हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण उणे ५० म्हणजे धरण कोरडं नव्हे. तेव्हाही नदीच्या मूळ पात्रात माणूस बुडेल एवढं पाणी असतंच. हा मुद्दा पुढे परत लागणार आहे.

हे पाणी साठलं ते रिकाम्या जागेवर नाही. दौंड, इंदापूर, कर्जत, करमाळा, माढा या तालुक्यांतली नदीकाठची गावं उठली. नदीकाठची म्हणजे सगळ्यात कसदार, काळ्याभोर मातीची. घरं, विहिरी, देवळं, मसणवटे, आंब्याची झाडं, सगळं खाली गेलं. महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी कायदा केला तो १९७६ साली. म्हणजे उजनीचं काम सुरू होऊन बरीच वर्षं झाल्यावर. आधी बांधकाम, मग रिक्वायरमेंट डॉक्युमेंट, ही पद्धत आमच्या इंडस्ट्रीने शोधलेली नाही एवढंच यातून सिद्ध होतं.

पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ असंच पाण्यात गेलेलं. कडक उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते वर येतं आणि लोक दर्शनाला जातात. मागच्या वर्षी जानेवारीत आमच्या होडीवाल्या काकांनी मधेच वल्हं थांबवून पाण्याकडे बोट दाखवलं होतं, "इथं खाली आमचं गावठाण. हितं शाळा, तिकडं पार." माझा पाच वर्षांचा भाचा बराच वेळ वाकून बघत होता. मग म्हणाला, "मग मुलं आता कुठे बसतात?" काका हसले. म्हणाले, "वरती बांधली की नवी."

*

नदीचा जलाशय झाला आणि पलीकडचं गाव अचानक लांब गेलं. पूर्वी उतारावरून पाच मिनिटांत ओलांडायची नदी आता काही किलोमीटर रुंद झाली. जमीन अलीकडे, सोयरे पलीकडे, दवाखाना अलीकडे, बाजार पलीकडे. रस्त्याने जायचं तर पाण्याला मोठा वळसा. म्हणून मग लाँच आल्या. इंदापूरच्या काठावरून करमाळ्याच्या काठावर माणसं, दुधाच्या किटल्या आणि चक्क मोटारसायकली घालून जाणाऱ्या लाँच. मासेमारी वाढली, होड्या वाढल्या. पाण्याने ज्यांची शेती नेली त्यांच्यातल्या काहींना त्याच पाण्याने मासे दिले.

आणि मग पक्षी आले. धरण सप्टेंबर-ऑक्टोबरात भरतं. पुढे शेतीला पाणी सुटत जातं तशी पातळी हळूहळू उतरते आणि काठाकाठाने उथळ, चिखलाचे पट्टे उघडे पडत जातात. रोहित पक्ष्याला (अग्निपंखही म्हणतात, आपला फ्लेमिंगो) नेमकं हेच लागतं. उंच पाय, मान खाली, चोच उलटी पाण्यात, आणि जिभेने पाणी आत-बाहेर करत त्यातलं शेवाळ नि बारीक जीव गाळून खायचे. थोडक्यात काय, चालतीफिरती चाळणी. गुलाबी रंगही त्या खाण्यातूनच येतो. म्हणून पिल्लं गुलाबी नसतात, राखाडी असतात. "हा मळका का आहे?" असं पोरं विचारतातच, तेव्हा उत्तर तयार ठेवा : तो मळका नाही, तो अजून लहान आहे.

भारतात हे पक्षी घरटी करतात ते मुख्यतः कच्छच्या रणात. सलीम अलींनी १९४० च्या दशकात तिथल्या वसाहतींची पाहणी करून त्यावर लिहिलं होतं. उजनीवर येणारे दुसरे मोठे पाहुणे म्हणजे पट्टकदंब हंस, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले. हे मध्य आशियातून हिमालय ओलांडून येतात. शास्त्रज्ञांनी त्यांना यंत्रं बांधून माग काढला तेव्हा काही पक्षी सात हजार मीटरच्याही वर उडताना नोंदले गेले. एवढ्या उंचीवर आपल्याला ऑक्सिजनचं नळकांडं लागेल.

आता थोडी अडचणीची गोष्ट. या पाण्यात शेवाळाला एवढं खत कुठून येतं? मुळा-मुठा पुण्यातून निघते आणि शिरूर तालुक्यात रांजणगाव सांडसला भीमेला मिळते. इंद्रायणी त्याच्या आधी तुळापूरला मिळते. पवना मुळेत. म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सगळं अर्धवट शुद्ध केलेलं किंवा न केलेलं सांडपाणी शेवटी उजनीत जाऊन साठतं. हिंजवडीचा इंजिनियर शनिवारी ज्या पाण्यावर फोटो काढतो, त्यातलं थोडं पाणी त्याने स्वतःच आधीच्या आठवड्यात बेसिनमधून सोडलेलं असतं. तेव्हा पोरांनी पाण्यात हात घालून तोच हात तोंडात घालू नये, याचं कारण निव्वळ आईची शिस्त नाही.

होड्या होत्याच. मासे धरणाऱ्या माणसांना पक्षी कुठे बसतात ते माहीत होतंच. मग पुण्याहून पक्षीमित्र आले, त्यांच्यामागून डिजिटल कॅमेरेवाले आले, आणि त्यांच्यामागून कुटुंबंच्या कुटुंबं आली, डब्यात पोहे आणि कडेवर बाळ घेऊन. कोळ्या-भोयांच्या पोरांनी पक्ष्यांची इंग्रजी नावं पाठ केली. काठावरच्या घरांत चुलीवरचं जेवण आणि उजनीचा मासा मिळू लागला. नॉर्वेच्या टपालबोटीसारखीच ही गोष्ट. फक्त तिथे बोट बदलत गेली, इथे बऱ्याच ठिकाणी होडी तीच राहिली आणि बसणारे बदलले.

खरी मेख इथेच आहे. रोज पाण्यावर जाणाऱ्या माणसाला होडी कळते. कुठे बसायचं, कधी उठायचं नाही, वारा कुठल्या बाजूने चढतो हे त्याच्या अंगात असतं. त्याच होडीत जेव्हा शहरातली दोन आई-बाबा, एक आजी आणि तीन वर्षांची दोन पोरं बसतात, तेव्हा ते ज्ञान होडीत एकाच माणसाकडे असतं. बाकीच्यांना ते कुठून यावं? ते नियमांतून यावं लागतं. आणि बोटींच्या बाबतीत नियम कसे लिहिले गेले हा इतिहास काही सुखाचा नाही.

*

१५ जून १९०४. न्यूयॉर्कमध्ये जनरल स्लोकम नावाच्या बोटीवर एका चर्चची सहल निघाली होती. बहुतेक बायका आणि मुलं. बोटीला आग लागली. जीवरक्षक जॅकेटं होती, पण वर्षानुवर्षं टांगून ठेवल्यामुळे त्यांतल्या बुचाचा भुगा झालेला. आयांनी आपल्या पोरांना ती घालून पाण्यात सोडलं आणि ती बुडाली. हजारावर माणसं गेली. कागदावर जॅकेटं पूर्ण होती बरं का.

१९१२ साली टायटॅनिक बुडाली आणि माणसांच्या मानाने लाइफबोटी अपुऱ्या होत्या हे जगाला कळलं. १९१४ मध्ये समुद्रावरच्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. अमेरिकेतही नवा कायदा झाला, बोटींवर लाइफबोटी वाढल्या. आणि २४ जुलै १९१५ ला शिकागोत ईस्टलँड ही बोट धक्क्याला बांधलेली असतानाच कलंडली. मुळातच डोलणारी ती बोट वाढीव लाइफबोटींच्या वजनाने आणखी डोक्यावर जड झाली होती. सहल होती एका टेलिफोन-उपकरणांच्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांची, बायकामुलांसकट. म्हणजे आपल्या भाषेत ऑफिस पिकनिक. ८४४ जीव गेले. एक बग दुरुस्त करताना दुसरा घालून ठेवणं म्हणजे काय, याचं यापेक्षा भयंकर उदाहरण मला माहीत नाही.

आपल्याकडे १७ जुलै १९४७ ला मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट भर पावसाळ्यात काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेवर माणसं गेली. कोकणातल्या घराघरांत ती आठवण अजून आहे. पण ती पावसाळ्यातली आणि प्रवासाची बोट. आपला विषय थंडीतल्या सहलीचा. तर गेल्या काही वर्षांतल्या तारखा बघा. १३ जानेवारी २०१८, डहाणूच्या समुद्रात विद्यार्थ्यांची बोट उलटली, तीन विद्यार्थिनी गेल्या. १८ जानेवारी २०२४, वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटली, बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. अनेकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. १८ डिसेंबर २०२४, मुंबईत घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. पंधरा जीव गेले, त्यात लहान मूलही होतं.

डिसेंबर, जानेवारी, जानेवारी. पाणी शांत दिसणारे, हवा सुंदर असणारे, शाळांच्या सहलींचे महिने. थंडी माणसं मारत नाही या तारखांमध्ये. थंडीतलं सुंदर पाणी आपल्याला बेसावध करतं, एवढंच.

आणि उजनी. २१ मे २०२४ ची संध्याकाळ. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहत काठाला लागला. सहा जण गेले. त्यांत नवरा-बायको आणि त्यांची दोन लहान मुलं होती. मघाशी सांगितलं तो आकडा आठवा : धरण तेव्हा उणे ५० टक्क्यांच्याही खाली होतं. पेपरमध्ये 'धरण आटलं' अशा बातम्या येत असताना त्याच धरणात हे घडलं.

हे लोक पक्षी बघायला गेले नव्हते. पलीकडच्या काठाला निघाले होते, जसे तिथले लोक चाळीस वर्षं निघत आलेत, कारण रस्त्याने फेरा फार मोठा आहे. कुगाव ते शिरसोडी असा पूल मंजूर झालेला आहे. डिकसळला इंग्रजांच्या रेल्वेचा पूल आयता मिळाला, यांना तो मिळाला नाही, एवढाच खरा फरक. आपण हौसेने ज्या होडीत बसतो, ती कुणाची तरी एसटी असते. म्हणून सहलीच्या होडीत जॅकेट आहे का हे विचारताना रोजच्या लाँचमध्ये ते आहे का, हेही विचारलं पाहिजे. अंतर्गत जलवाहतुकीचा १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ साली नवा आला. बिनइंजिनाच्या होड्यांचाही विचार त्यात केलेला आहे. कागद झाला. काठ बाकी आहे.

*

एवढं वाचून "मग नकोच बाबा" असं कुणी म्हणत असेल तर थांबा. माझं उत्तर अजूनही तेच आहे, न्या. फक्त हा सगळा इतिहास होडीत बसण्याआधीच्या दहा मिनिटांत वापरा.

एक म्हणजे जॅकेट. मोठ्या माणसाचं जॅकेट लहान मुलाला घालून फोटो छान येतो, पण पाण्यात पडल्यावर मूल खाली सरकतं आणि जॅकेट वर निघून जातं. जॅकेटवर ते किती किलो वजनासाठी आहे ते लिहिलेलं असतं, ते वाचा. घातल्यावर पोराला हात वर करायला सांगा आणि खांद्याला धरून जॅकेट वर ओढा. हनुवटीच्या वर निघालं तर ते त्याच्या मापाचं नाही. लहान मुलांसाठी दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलं जॅकेट हवं. काठावर लहान मापाचं मिळेलच असं नाही, म्हणून स्वतःचं विकत घेऊन न्या. एका पिझ्झा पार्टीच्या पैशात येतं. आणि ते होडीत ठेवायचं नाही, अंगात घालायचं आहे. स्लोकमचा धडा तोच आहे : असणं आणि चालणं या दोन वेगळ्या गोष्टी.

दुसरं, थंडी. आमच्याकडे जानेवारीत पहाटे पारा दहा-बाराच्या आसपास येतो. अलास्कावाले हसतील. पण होडी चालू झाली की वारा लागतो आणि लहान मुलाचं अंग वजनाच्या मानाने जास्त उघडं असतं, म्हणून ते आपल्यापेक्षा लवकर गार पडतं. तान्ही बाळं तर आपल्यासारखी कुडकुडतही नाहीत, त्यामुळे कळतच नाही. कानटोपी, पायमोजे, आणि जादा मोज्यांची एक कोरडी जोडी. जॅकेट स्वेटरच्या वरून घालून पट्टे आवळायचे आणि शाल त्याच्या वरून. बाळाला शालीने किंवा झोळीने आपल्या पोटाशी बांधून मात्र बसू नका. होडी कललीच तर दोघांनाही सुटता आलं पाहिजे.

तिसरं, वेळ. फोटोग्राफर लोक साडेसहाला निघतात ते उजेडासाठी. तीन वर्षांच्या मुलाला कोवळा उजेड नि कडक उजेड यातला फरक कळत नाही. आठला निघा. रोहित कुठे जात नाही, तो तिथे नाष्टाच करत असतो. फार उशीरही नको, कारण दिवस तापत जातो तसा वारा वाढतो आणि सकाळी आरशासारखं असलेलं पाणी दुपारी हलायला लागतं. ढग भरून आले, वारा सुटला, तर पैसे दिलेले असले तरी उतरा. होडीवाले काका "आज नको" म्हणाले तर त्यांच्याशी वाद घालू नका, चहा पाजा.

चौथं, बसणं. पोरं मध्यभागी, तळाशी. कडेला मोठी माणसं. "ए, ते बघ!" असं कुणी ओरडलं की सगळी होडी एकाच बाजूला झुकते, आणि सपाट बुडाच्या छोट्या होडीला तेवढं पुरतं. बघायचं बसून. माणसं मोजून. नऊची होडी असेल तर नऊ, आणि मांडीवरचं बाळ हेसुद्धा माणूसच मोजायचं.

आणि मूल वर्षाच्या आतलं असेल, किंवा पाण्याला घाबरत असेल, तर होडीचा हट्ट कशाला? काठावरून दिसतंच की. दौंड तालुक्यातच वरवंडचा व्हिक्टोरिया तलाव आहे, तिथे हिवाळ्यात बांधावर उभं राहूनही बदकं दिसतात. दुर्बीण एक, पोरं चार, भांडणं भरपूर.

*

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. पोरांना सांगा. सगळं नाही, पण थोडं. हे पाणी आपोआप आलेलं नाही, खाली गाव आहे, हा पूल आगगाडीचा होता, हा हंस डोंगर ओलांडून आलाय, हे काका आपल्याला फिरवतात पण तिकडच्या गावातली मुलं याच पाण्यावरून आजीकडे जातात. पाच वर्षांच्या मुलाला हे सगळं कळतं. आपल्यालाच वाटतं की त्यांना फक्त गुलाबी रंग कळतो. जॅकेट का घालायचं हेही त्यांना नीट सांगितलं तर कळतं, आणि मग ती स्वतःहून आजीला विचारतात, "तुझा पट्टा लावला का?"

या वर्षी थंडी बरी पडली आहे आणि धरणही भरलेलं आहे, त्यामुळे पट्टे उघडे पडायला जरा वेळ लागेल. माझ्या मते जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य, हा काळ पोरांसाठी उत्तम. बोचरी थंडी सरलेली असते आणि पक्षी भरपूर असतात. कुणाला जायचं असेल तर न्हावऱ्याच्या अलीकडे-पलीकडे गुऱ्हाळं चालू असतात, परतताना रस प्या. आता आवरतो, आईने दोनदा हाक मारली आहे आणि पिठलं गार झालं की ते पिठलं राहत नाही.